विषयाला धरून नसलेला उखाणा

“घोरतात ते तुम्हीच ना, सर?”

बंदरावरच्या काउंटरमागे पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. टोपीवर सोनेरी नांगर, हातात आमच्या नावांचा कागद, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्या सगळ्या जोडप्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

“हेच ते,” माझ्याआधी ऋजुता म्हणाली. “लांबूनही ओळखू येतात.”

“काळजी करू नका मॅडम, तुम्हाला शेजारची वेगळी केबिन दिलीय. आणि आमच्या स्पामध्ये घोरण्यावर मसाज आहे. एकदम फुकट.”

मी घोरत नाही. हे इथे एकदाच सांगून ठेवतो, कारण पुढचे तीन दिवस त्या जहाजावर हे ऐकून घ्यायला कोणीच तयार नव्हतं.

याला आता बारा वर्षं होतील. मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत परीक्षणं लिहायचो. पुस्तकांची किंवा नाटकांची नाही; ती मोठ्या माणसांकडे असत. माझ्याकडे हॉटेलं, मॉल, वॉटरपार्क. एकदा मी एका स्मशानभूमीच्या नव्या प्रतीक्षागृहाचंही परीक्षण केलं होतं. तीन तारे दिले होते. पंखे उत्तम होते. तर एके दिवशी ‘मयूरपंखी’ नावाच्या जहाजाच्या कंपनीकडून आमंत्रण आलं. जहाज नव्याने सजवलं होतं, जोडप्यांसाठी खास सफर होती, गुरुवारी मुंबईहून निघून रविवारी सकाळी परत. पाकिटावर लिहिलं होतं, ‘श्री. व सौ. हेरंब टिपणीस’.

सौ. हेरंब टिपणीस नावाची व्यक्ती जगात नव्हती. घरात सौ. टिपणीस एकच, ती माझी आई, आणि तिला रिक्षातसुद्धा मळमळायचं.

“ऋजुताला घेऊन जा,” आमच्या संपादक नाडकर्णी मॅडम म्हणाल्या. “फोटो लागतीलच.”

“पण त्यांनी सौ. म्हटलंय.”

“त्यांनी म्हटलंय ना? त्यांची समजूत दुरुस्त करणं पुरवणीच्या कामात बसत नाही.”

“आणि खोल्या?”

मॅडमनी चष्मा वर केला, कीबोर्ड ओढला आणि माझ्या देखत कंपनीला कळवलं की श्री. टिपणीस यांना घोरण्याचा गंभीर त्रास असल्यामुळे सौ. टिपणीस यांना वेगळी खोली लागेल. मॅडमनी आयुष्यात लिहिलेल्या मजकुरापैकी सर्वांत जास्त वाचला गेलेला मजकूर तोच असावा.

ऋजुता दाभोळे आमच्या पुरवणीची फोटोग्राफर. माझं सदर शेवटच्या पानावर असायचं. शुक्रवारी संध्याकाळी ते पान लागायचं, आणि माझा मजकूर आल्याशिवाय तिला फोटोची जागा ठरवता यायची नाही. म्हणून ती कॅन्टीनमध्ये थांबायची. मीही थांबायचो, ‘सुचत नाहीये’ म्हणून. दोघांत चहा व्हायचा. सदर माझं दुपारी जेवायच्या आधीच लिहून झालेलं असायचं. ते खिशात घेऊन मी संध्याकाळपर्यंत ‘सुचत नाहीये’ म्हणायचो. असं दोन-अडीच वर्षं चाललं.

तिचा आणखी एक उद्योग होता. ती उखाणे करून द्यायची. ऑफिसातल्या, सोसायटीतल्या, कुणाच्या मामेबहिणीच्या नणंदेच्या, कुठल्याही नवरीने यावं, नवऱ्याचं नाव आणि त्याची एक खोड सांगावी. एक मसाला डोसा खाऊन होईपर्यंत ऋजुता उखाणा तयार करायची. डोसा नवरीने द्यायचा. नियम एकच. “एकदा घेतला की संपला,” ती सांगायची. “तो परत दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, बहिणीला द्यायचा नाही. साडी उतरलेली चालते. उखाणा चालत नाही.”

जहाज सुटलं तेव्हा आम्ही वरच्या डेकवर होतो. बँड वाजत होता. कठड्यावर एक लाल-पांढरी जीवरक्षक रिंग लावली होती आणि जहाजाचा फोटोग्राफर प्रत्येक जोडप्याला तिच्यामागे उभं करून फोटो काढत होता.

“सर, जरा हात टाका ना वहिनींच्या खांद्यावर. तीन दिवस वेगळ्या खोलीत काढायचेत तुम्हाला.”

म्हणजे त्यालाही कळलं होतं.

मी हात टाकला. फोटोग्राफर असल्यामुळे ऋजुताला स्वतःचा फोटो काढून घेता येत नसे. ती डोळे मिटायची. त्या फोटोत ते उघडे आहेत. रिंगवर ‘मयूरपंखी’ असं स्टिकर होतं, ते वाकडं लागलं होतं, आणि त्याच्याखालून कुठल्यातरी थंड देशातल्या जुन्या नावाची शेवटची दोन अक्षरं बाहेर आली होती. तो फोटो मी नंतर ‘लेखाला लागेल’ म्हणून विकत घेतला. लेखाला लागला नाही.

ऋजुताचा फोन वाजला. अजून किनाऱ्याची रेंज होती.

“ऑर्डर आहे,” ती वाचत म्हणाली. “नवऱ्याचं नाव कार्तवीर्य. आता याच्याशी काय जुळवू?”

“आधी सासू-सासऱ्यांशी जुळवून घे म्हणावं. नाव त्यांनी ठेवलंय.”

ती हसली. मी हसलो नाही. विनोद करणाऱ्याने हसायचं नसतं असं माझं तेव्हा मत होतं.

“सगळ्या जगाला करून देतेस,” मी म्हणालो. “स्वतःचा कधी करणार?”

“झालाय.”

“कधी?”

“झाली की दोन वर्षं.”

“आणि नाव?”

“नाव शेवटी भरतात रे. जागा ठेवलीय.”

“किती अक्षरांची?”

“तीन.” ती पाण्याकडे बघत होती.

महाराष्ट्रात तीन अक्षरी नावाचे पुरुष पन्नास लाख तरी असतील. मी स्वतःला उगाच त्यात धरलं नाही. जरा वेळाने तीच म्हणाली, “रविवारी संध्याकाळी एकजण येणारे घरी. आईच्या मैत्रिणीच्या ओळखीतला. जर्मनीत असतो. फोनवर बोलणं झालंय दोनदा. चांगला आहे. रविवारी हो-नाही सांगायचंय.”

“नाव काय?”

“श्रीनिवास.”

“चार अक्षरी आहे.”

“दाबून बसवता येतं,” ती म्हणाली आणि कॅमेरा घेऊन बँडचे फोटो काढायला गेली.

केबिनमध्ये माझ्या पलंगावर टॉवेलचा हत्ती बसला होता. अतिथींच्या स्वागताला टॉवेलची जनावरं करून ठेवण्याची तिथे पद्धत होती. हत्ती इतका मनापासून केलेला होता, की तो सोडवून त्याने तोंड पुसणं मला जमेना. मी तीन दिवस रुमालाने अंग पुसलं. परीक्षणात मी पुढे ‘काय कमी पडले’ या चौकटीत ‘टॉवेल’ असं लिहिलं.

माझ्या केबिनची व्यवस्था डॉमनिककडे होती. वसईचा, पन्नाशीचा, अत्यंत सभ्य माणूस. शुक्रवारी सकाळी तो चहा घेऊन आला आणि त्याने ट्रेवर चहाच्या शेजारी नाकाला लावायच्या पट्ट्या ठेवल्या.

“माझ्या भावालापण होता हा त्रास,” तो हळू आवाजात म्हणाला. “बायको माहेरी गेली.”

“परत आली का?”

“आली ना. तो रोज फोन करायचा तिला. घोरणं चालतं हो सर. गप्प राहणं नाय चालत.”

मी पट्टी लावून बघितली. नाक मोकळं झालं. एवढंच झालं.

त्या दिवशी ऋजुताला गाठून सरळ काय ते बोलायचं, असं मी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. ‘श्रीनिवासला नाही सांग.’ तीन शब्द. सदराला मी याच्या शंभरपट लिहायचो. नाश्त्याला बोलणार होतो, तर शेजारच्या टेबलावरच्या नाशिकच्या काकूंनी ऋजुताला सांगितलं की गाईचं तूप नाकात सोडल्याने त्यांच्या ह्यांना फरक पडला. ह्यांनी मान हलवून दुजोरा दिला. जेवणानंतर बोलणार होतो, तर मला स्पामधून बोलावणं आलं.

स्पा जहाजाच्या तळाशी होता. मंद दिवे, चंदनाचा वास, बासरी. भिंतीवर सोनेरी चौकटीत परकी भाषेतला एक मजकूर जपून ठेवला होता. ऋजुता त्याचे फोटो काढत होती.

“हा आमचा ध्यानमंत्र आहे,” स्पाच्या व्यवस्थापिका म्हणाल्या. “जहाजाबरोबरच आलाय. खूप जुना आहे.”

ऋजुताने संध्याकाळी रेंज मिळाल्यावर तो फोनवर भाषांतरित करून बघितला. ‘ट्रकचालकांनी इंजिन बंद करावे व हँडब्रेक लावावा.’ आमचं आलिशान जहाज पूर्वी ट्रक वाहायचं आणि आमचा स्पा म्हणजे त्यांचं पार्किंग होतं.

आम्ही दोघं डेकवरच्या खुर्च्यांवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. माझं मत मोडून मीही हसलो. तिने हसता हसता माझ्या दंडाला धरलं आणि हसू थांबल्यावरही हात तिथेच राहिला. समोर सूर्य निम्मा बुडाला होता. कंपनीने त्याचीही जाहिरात केली होती आणि तो वेळेवर बुडत होता.

“बोल,” ती म्हणाली.

“काय?”

“काहीतरी बोलणार होतास ना सकाळपासून? नाश्त्याला तोंड उघडून बसला होतास.”

मी वाक्य गोळा केलं. “ऋजुता, श्रीनिवासला...”

“हां?”

“श्रीनिवासला विचारून घे, घोरतो का.”

तिने हात काढून घेतला. रागाने नाही, चहाचा कप खाली ठेवावा तसा. “विचारते,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी चहाच्या वेळेला पोहण्याच्या तलावाशेजारी ‘पुन्हा एकदा सप्तपदी’ नावाचा कार्यक्रम होता. सूत्रसंचालक नारळाच्या झाडांचा शर्ट घातलेला तरुण होता. त्याने आधी जोडप्यांकडून चमचा-लिंबू करवून घेतलं, मग एकमेकांना पुरी भरवायला लावली, आणि मग माइक उंचावून म्हणाला, “आता वहिनींनी घ्यायचं नाव! सुरुवात करू आपल्या सगळ्यांच्या लाडक्या जोडीपासून. ज्यांचं प्रेम भिंतीपलीकडूनही ऐकू येतं!”

सगळ्यांनी आमच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. नाशिकच्या काकू ओरडल्या, “घे गं, लाजू नकोस!”

मी पुटपुटलो, “नाही म्हण. आवाज बसलाय म्हणून सांग.”

“कंपनीची समजूत दुरुस्त करायची नसते,” ती म्हणाली आणि उठली.

मला वाटलं ती समुद्राचं काहीतरी जुळवील. लाटा, किनारा, गलबत. माल तर समोरच पडला होता. तिने माइक हातात घेतला. ओढणी सारखी केली. क्षणभरही विचार केला नाही, आठवल्यासारखं केलं नाही. माइककडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली,

“शेवटच्या पानाची वाट बघत चहा झाला गार,
हेरंबचं नाव घेते, नको आता उशीर फार.”

टाळ्या पडल्या, पण बेताच्या. लोकांना फारसा कळला नाही. “पान म्हणजे विड्याचं का हो वहिनी?” सूत्रसंचालकाने विचारलं. ती म्हणाली, “तसंच काहीसं.” आणि माइक माझ्या हातात दिला. तिचा हात गार होता.

“आता सर! सरांचा आवाज तर सगळ्यांना माहितीये!”

मला काय वाटलं ते सांगत बसत नाही. मी काय केलं ते सांगतो. समोर शंभरेक माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची तयारी होती, आणि हसायला तयार असलेल्या माणसांना निराश करणं मला तोवरच्या आयुष्यात कधी जमलेलं नव्हतं. मी मेथीच्या भाजीचा उखाणा घेतला. तोच, जो महाराष्ट्रातल्या यच्चयावत नवरदेवांना पाठ असतो आणि ज्याच्यात नाव कुठलंही चालतं. वर, नाव घेण्याआधी थांबून, जोरात एकदा घोरून दाखवलं.

तलावाचं पाणी हललं असेल इतका हशा पिकला. नाशिकचे काका खुर्चीवरून घसरले. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं: घोरणाऱ्यांसाठी खास उशी.

ऋजुताही हसली. नीट, मनापासून, फोटोला हसावं तसं.

“चांगला होता तुझा,” खाली उतरताना मी म्हणालो. “फक्त विषयाला धरून नव्हता. समुद्र यायला हवा होता.”

“घाईत केला,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी जहाज बंदराला लागलं. सामान रांगेत ठेवून लोक उन्हात उभे होते. डॉमनिकने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि “फोन करत जा सर” म्हणाला. मी टॉवेलचा हत्ती पलंगावर तसाच ठेवून निघालो होतो, त्याने तो पाहिला असावा.

जिन्याशी ऋजुताने विचारलं, “किती तारे देणार?”

“जहाजाला? साडेतीन.”

“आणि श्रीनिवासला?”

“मी कुठे पाहिलाय त्याला?”

“तू स्मशान न वापरता त्याचं परीक्षण केलंस. सांग.”

खाली धक्क्यावर टॅक्सीवाले हाका मारत होते. मागे घोरण्याच्या उशीमुळे रांग अडली होती. उशी फार मोठी होती आणि मला नीट धरता येत नव्हती.

“साडेतीन,” मी म्हणालो.

“साडेतीन वाईट नाहीत,” ती म्हणाली. मग दोन पायऱ्या उतरून थांबली. “हेरंब, तुझं सदर दुपारीच तयार असायचं. शर्टाच्या खिशातून दिसायचं.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“मला चहा आवडायचा.”

ती टॅक्सीत बसली. खिडकीतून हात बाहेर काढून तिने माझा एक फोटो काढला, उशी मिठीत घेतलेला. तो तिच्याकडे असेल किंवा नसेल. पुढच्या शुक्रवारी मी सदर दुपारी बारालाच दिलं. शेवटचं पान चारला लागलं. नाडकर्णी मॅडमनी तब्येत विचारली.

लग्न माघात होतं, ठाण्यात. श्रीनिवास खरोखरच चांगला होता. उंच, हसरा, त्याने मला आपणहून येऊन मिठी मारली आणि म्हणाला, “तुमचं जहाजाचं परीक्षण ऋजुताने वाचून दाखवलं मला. फार हसलो आम्ही.” मी त्याला मनात चार दिले.

पंगतीत मी आणि नाडकर्णी मॅडम नवरानवरीच्या समोरच बसलो होतो. घास भरवायची वेळ आली. ऋजुताने जिलबी उचलली आणि चारी बाजूंनी गलका झाला. तिच्या उखाण्यांवर लग्न लागलेल्या बायकाच तिथे वीस-पंचवीस होत्या. सगळ्या पानावरून उठून जवळ आल्या. तिची मावशी म्हणाली, “गप्प बसा गं सगळ्या! आज दुकानाच्या मालकिणीचा ऐकायचाय!”

हॉल गप्प झाला. वाढपीसुद्धा थांबले.

ऋजुताने जिलबीकडे पाहिलं, श्रीनिवासकडे पाहून हसली, आणि मेथीच्या भाजीचा उखाणा घेतला. तोच. बाईच्या तोंडी बसेल एवढाच बदलून. श्रीनिवास चार अक्षरी होता, पण बसला.

आधी कुणाचा विश्वास बसेना. मग हॉल फुटल्यासारखा हसला. श्रीनिवास तर इतका हसला, की त्याला जिलबी खाता येईना. मीही हसलो, माझाच विनोद होता.

“हे काय गं?” मावशी खरोखर नाराज झाली. “सगळ्यांना नवे कोरे, आणि स्वतःच्या लग्नात मेथी? स्वतःचा एक केला नाहीस?”

“केला होता, मावशी,” ऋजुता म्हणाली. ती पदराने श्रीनिवासच्या शर्टावरचा पाक पुसत होती आणि तिने मान वर केली नाही. “घेऊन झाला.”

लोक पुन्हा हसले. वाढपी पुन्हा चालू लागले. माझ्या वाटीत कुणीतरी मठ्ठा ओतला.

नाडकर्णी मॅडमनी हात धुतल्यासारखे पानावर झटकले आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “घेऊन झाला म्हणजे रे? कधी घेतला? तुम्ही दोघं सारखे बरोबर असायचात. तू ऐकलास का?”

“नाही, मॅडम,” मी म्हणालो. “मी घोरत होतो.”